ऑक्टोबर १९७९ चं यार्ड: १/६४ मधल्या एका बोर्डाच्या कामाच्या नोंदी

७ सप्टेंबर

१/६४ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढे खेळण्यातले ट्रॅक्टर आणि पिकअप घेऊन प्लायवूडच्या बोर्डावर एक यार्ड, म्हणजे शेतघराभोवतालचं अंगण, उभं करतोय. आधी नियम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे एखादा पीस समोर आला आणि मन वळायला लागलं तर इथे येऊन वाचता येईल. बोर्डावर जे काही उभं राहील ते ऑक्टोबर १९७९ मध्ये आयोवाच्या ईशान्य भागातल्या एका शेतकऱ्याच्या यार्डात खरंच असू शकलं असतं असं पाहिजे, आणि त्याला तिथे काहीतरी काम पाहिजे. बस. लिमिटेड एडिशन आहे, बॉक्स सीलबंद आहे, रंग भारी आहे, हे सगळं शेल्फवर. इतकी वर्षं ब्रँडवार लावत आलो, जॉन डिअरचे हिरवे एका कप्प्यात, इंटरनॅशनलचे लाल दुसऱ्यात, पिकअप तिसऱ्यात, आणि कुठलंच शेत असं दिसत नाही हे रोज ऑफिसला जाता-येता रस्त्याच्या दोन्ही बाजूला दिसतंय.

१९७९ का, तर सत्तरच्या दशकात इथल्या शेतीत पैसा होता, लोकांनी मोठे ट्रॅक्टर घेतले, नव्या पिकअप घेतल्या, पण जुनं विकलं नाही, तेही चालूच होतं. मग १ नोव्हेंबर १९७९ ला इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये संप सुरू झाला जो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, जानेवारी १९८० मध्ये कार्टर सरकारने सोव्हिएत युनियनला धान्य विकायवर बंदी घातली, आणि त्यानंतरची ऐंशीची वर्षं इथल्या शेतकऱ्यांना फार वाईट गेली. म्हणून ऑक्टोबर ७९. नवं आणि जुनं एकाच यार्डात उभं असलेला शेवटचा चांगला सुगीचा महिना.

बोर्ड २ फूट बाय ४ फूट, अर्धा इंची प्लायवूड. १/६४ मध्ये ३/१६ इंच म्हणजे एक फूट, त्या हिशोबाने हा बोर्ड म्हणजे जेमतेम पाऊण एकर होतो. इथलं शेत क्वार्टर सेक्शन म्हणजे १६० एकर धरलं तर तेवढ्यासाठी ४१ फूट बाय ४१ फूट जागा लागेल, गॅरेज विसरा. म्हणून शेत नाही करायचं, फक्त यार्ड, आणि मागच्या कडेला कापणी झालेल्या मक्याची एक पट्टी. कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, लागणार नाही, तो शेतात गेलेला आहे असं धरायचं.

१४ सप्टेंबर

शेल्फ रिकामं करून सगळे ट्रॅक्टर जेवणाच्या टेबलावर मांडले आणि एकेकाला विचारत बसलो की तू इथे काय करतोस.

जॉन डिअर ४४४०, हा पहिला पास. १९७७ च्या शेवटापासून १९८२ पर्यंत बनला, इथे वॉटरलूलाच, पीटीओला, म्हणजे मागे यंत्र जोडायच्या फिरत्या दांड्याला, १३० हॉर्सपॉवर, वर आवाज अडवणारी साउंड-गार्ड कॅब. सुगीत वॅगन ओढायची आणि नंतर लगेच नांगरटीला जायचं. घरातला नवा, ज्याचं कर्ज चालू आहे तो. ४०२० पण पास, १९६३ ते १९७२ चा, आणि १९७९ मध्ये ज्याच्याकडे ४४४० होता त्याच्याकडे आधीचा ४०२० असणार यात मला शंकाच नाही, ते विकत नसत लोक, आजही कित्येकांच्या शेडमध्ये चालू आहेत. तो लोडर लावून जनावरांच्या बाजूला.

ऑगरवर इंटरनॅशनलचा फार्मॉल एम. १९३९ ते १९५२ चा ट्रॅक्टर आणि तरी याच्याशिवाय यार्ड पूर्ण होत नाही, कारण धान्य बिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या गोल कोठीत, चढवायचा ऑगर, नळीत फिरणारा लांब स्क्रू, पीटीओवर चालतो आणि त्या कामाला कोणी नवा ट्रॅक्टर अडकवून ठेवत नाही. जुना लाल एम सप्टेंबरमध्ये ऑगरला जोडला की थेट नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला सुटतो. हिरव्या घरात एक लाल ट्रॅक्टर, हे इथे अगदी सर्रास दिसतं, पण हिरवे-लाल वेगवेगळे मांडणाऱ्याच्या शेल्फवर कधीच दिसत नाही.

आणि राहिला १०६६. हा माझा सगळ्यात लाडका. १९७१ ते १९७६ चा, टर्बो, आणि १ फेब्रुवारी १९७४ ला रॉक आयलंडच्या फार्मॉल कारखान्यातून इंटरनॅशनलचा पन्नास लाखावा ट्रॅक्टर बाहेर पडला तो १०६६ च होता. लालचं प्रेम मला घरून आलंय. साताऱ्याकडे आमच्या गावी पहिला ट्रॅक्टर आला तो महिंद्राचा बी-२७५, म्हणजे मुळात इंग्लंडात ब्रॅडफर्डला बनणारा इंटरनॅशनलचाच ट्रॅक्टर, १९६३ मध्ये महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर एकत्र आले आणि तो मुंबईत बनायला लागला. त्यामुळे १०६६ हातात घेतला की मला वेगळंच वाटतं. पण या यार्डात त्याला काम काय? शंभर हॉर्सपॉवरच्या पुढचे दोन ट्रॅक्टर, दोन वेगवेगळ्या डीलरचे, एवढ्या शेताला? नाही पटत. शेल्फवर परत. जड जातंय पण नियम तो नियम.

२१ सप्टेंबर

पिकअप. इथे खरी मेहनत आहे.

ट्रॅक्टर एकदा घेतला की तीस-चाळीस वर्षं यार्डात राहतो, पिकअप बदलत राहते, त्यामुळे यार्डचं साल कुठलं हे पिकअपवरून कळतं. ट्रॅक्टर बघून तुम्ही ७९ म्हणाल का ८९ सांगता येणार नाही, पिकअप बघून येतं. म्हणून दोन पाहिजेत, एक त्याच वर्षीची नवी आणि एक दहा-बारा वर्षांची, जी फक्त शेतात आणि एलेव्हेटरपर्यंत, म्हणजे धान्य विकायच्या कोठारापर्यंत, जाते.

कॅलिपर घेऊन माझ्याकडच्या सगळ्या मोजल्या. खेळण्यातल्या छोट्या गाड्या सगळ्या १/६४ असतात असं आपण म्हणतो पण हॉट व्हील्स, मॅचबॉक्स यांचं माप पॅकिंगला बसेल असं असतं, साधारण तीन इंच, मग आत गाडी छोटी असो की ट्रक. कॉम्पॅक्ट कार मोठी होऊन येते आणि लाँग बेड पिकअप आक्रसून. ४४४० च्या शेजारी ठेवली की लगेच डोळ्याला खुपतं, मागच्या टायरपुढे गाडी खेळण्यातली वाटायला लागते. खरा ४४४० १८.४-३८ टायरवर असेल तर तो टायर जवळजवळ ६९ इंच उंच, म्हणजे मॉडेलवर २७ मिमी, त्याच्या शेजारी पिकअपचं बॉनेट कुठवर यायला पाहिजे हे ठरलेलं आहे.

सोपी कसोटी व्हीलबेसची. फोर्ड एफ-सीरिज लाँग बेड, १३३ इंच, भागिले ६४, म्हणजे ५२.८ मिमी. माझी ग्रीनलाइट कंपनीची सत्तरच्या दशकातली फोर्ड या मापाला बसली, बॉडी मेटलची, टायर रबरी, नवी गाडी म्हणून ही पक्की. तिचे हेडलाइट चौकोनी आहेत ही महत्त्वाची गोष्ट, कारण १९७९ ला फोर्डने सगळ्या एफ-सीरिजला चौकोनी दिवे दिले, ७७ च्या गाडीला गोल होते आणि ग्रिल पण वेगळी. या गोष्टीला एवढं काय असं वाटेल, पण ज्या माणसाने ती गाडी चालवलीय तो सगळ्यात आधी तोंडच बघतो.

जुनी म्हणून १९६७ ते ७२ मधली शेव्हरले सी-१० पाहिजे. या पिढीच्या मॉडेल ढीगभर निघतात, पण जवळपास सगळ्या शॉर्ट बेड, खाली बसवलेल्या, रुंद चकचकीत व्हील्सवाल्या, शोमधल्या गाड्या. शेतकऱ्याने तेव्हा शॉर्ट बेड कशाला घेतली असती? ४ बाय ८ ची प्लायवूड शीट बसत नाही त्यात. आठ फुटी हौदा पाहिजे म्हणजे पाहिजे. तर मग कापायची.

२८ सप्टेंबर

दोन सारख्या सी-१० घेतल्या, एक दाता एक घेता. हिशोब असा: शॉर्टचा व्हीलबेस ११५ इंच, लाँगचा १२७, फरक १२ इंच म्हणजे मॉडेलवर ४.८ मिमी. पण हौद्याच्या लांबीतला फरक १८ इंचाचा, साडेसहा फुटाचा आठ फूट, म्हणजे ७.१ मिमी. अर्थ असा की नुसतं मधे एक तुकडा घालून भागत नाही, ४.८ मिमी मागच्या चाकाच्या पुढे वाढवायचे आणि उरलेले २.३ मिमी चाकाच्या मागे. बरेच जण सगळी वाढ एकाच जागी घालतात आणि मग चाक हौद्यात चुकीच्या जागी दिसतं, काय चुकलंय ते सांगता येत नाही पण गाडी बेंगरूळ वाटते.

खालचे रिव्हेट १/८ च्या ड्रिल बिटने फक्त डोकं उडेपर्यंत कोरले, बेस सुटला, काचा आणि सीट बाजूला काढून डबीत. पेंट उतरवायला सिट्रसवाला स्ट्रिपर. कास्टिक सोडा वापरायचा नाही, बॉडी झॅमॅकची म्हणजे मुख्य जस्त आणि त्यात चारेक टक्के अॅल्युमिनियम, कास्टिक जस्ताला खातं, पृष्ठभाग काळा पडून खरबरीत होतो. पेंट गेल्यावर उघडी बॉडी हातात घेतली तेव्हा कास्टिंगच्या बारीक रेषा दिसल्या, हौद्याच्या कडेची घडी, दाराचं हँडल, सगळं स्वच्छ. कारखान्यात जाड पेंटखाली किती काय दडतं.

कापायला सोनाराची करवत, बारीक पात्याची, मेण लावून. रोटरी टूलच्या डिस्कने पटकन होतं पण ती जवळजवळ मिलिमीटरभर धातू खाते आणि इथे आपण मिलिमीटरच वाचवतोय. हळूहळू, बाजू बदलत, टेपच्या कडेने. दात्याचे दोन्ही तुकडे थोडे जास्तीचे कापले आणि घासून मापाला आणले.

५ ऑक्टोबर

जोड दोन भागाच्या मेटल इपॉक्सीने. सोल्डरिंगच्या नादी लागत नाही, हा मिश्रधातू चारशे सेल्सिअसच्या आतच वितळतो. आतून पितळेच्या पट्टीचा आधार दिला, रात्रभर सोडलं, दुसऱ्या दिवशी फाइल, मग पुट्टी, मग ४०० चा पाण्याचा पेपर, मग ६००. प्रायमर मारल्यावर चाकाच्या पुढचा जोड किंचित दिसत होता, पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर. आता बोट फिरवलं तरी लागत नाही.

बेस पण तेवढाच लांब करावा लागला, तिथे मात्र सरळ स्टायरिनची पट्टी, खालून कोणी बघत नाही. रिव्हेटच्या खांबांना २-५६ चे आटे पाडले, आता गाडी स्क्रूवर बसते आणि कधीही उघडता येते.

घाई करतोय कारण गॅरेजमध्ये हीटर नाही आणि ५० फॅरनहाइटच्या खाली स्प्रे नीट बसत नाही, धुरकट होतो नाहीतर ओघळतो. आयोवात ऑक्टोबरच्या मध्यानंतर असे दिवस मोजकेच मिळतात.

१२ ऑक्टोबर

सी-१० ला फिका हिरवट निळा आणि वर पांढरं छप्पर, दोन पातळ हात. फोर्ड आहे त्या लाल रंगातच ठेवली. साधी स्टीलची चाकं आणि छोट्या हबकॅप दुसऱ्या मॉडेलमधून काढून लावल्या, उंची जागेवर आणली. एवढ्यानेच शोमधली गाडी शेतातली झाली.

१९ ऑक्टोबर

आज बोर्डावर काहीच केलं नाही, दिवसभर बाहेर फिरलो. बुकॅनन आणि डेलावेअर काउंटीतले ग्रॅव्हल रोड, सुगी जोरात. इथले रस्ते बऱ्याच ठिकाणी मैलावर एक असे सरळ चौकटीत आखलेले, कुठेही वळा आणि चार वळणांनी परत तिथेच.

जमिनीचा रंग नीट बघायचा होता. काळी माती आपल्याकडच्यासारखीच, ओली असताना तर फरक सांगता येणार नाही. पण रस्त्याची धूळ एकदम वेगळी. पूर्व आयोवात खडी चुनखडीची, त्यामुळे धूळ पांढरट पिवळसर, साईच्या रंगाची. डायोरामा करणारे सगळीकडे तपकिरी धूळ मारतात तेव्हा ते शेत आयोवाचं राहत नाही. डबीभर खडीची भुकटी रस्त्याच्या कडेने उचलून आणली, घरी ओव्हनमध्ये कोरडी करून बारीक चाळणीने आणि मग जुन्या स्टॉकिंगमधून चाळली. जे उरलं ते पिठासारखं मऊ. हेच यार्डातल्या रस्त्याला आणि हेच गाड्यांना.

कापलेल्या मक्याच्या खुंटांसाठी बरेच पर्याय बघितले, शेवटी काथ्याचं पायपुसणं जिंकलं. काथ्याचा तंतू जाडीला आणि रंगाला अगदी बरोबर. १२ इंची खुंट म्हणजे ५ मिमीच्या आत. ३० इंची ओळी म्हणजे १२ मिमी अंतर, त्या रेषा आखून भोकं पाडून एकेक तंतू गोंदात बुडवून लावायचा. रोज संध्याकाळी अर्धा तास, कंटाळा येतो असं अजिबात नाही, रेडिओ लावून बसलं की हात आपोआप चालतो. मधेमधे वाळलेली पानं पडलेली पाहिजेत, त्याला मक्याच्या कणसाचंच वाळकं आवरण बारीक कातरून घातलं.

२ नोव्हेंबर

डायर्सव्हिल!

वॉटरलूहून हायवे २० ने पूर्वेला निघालो, गाव यायच्या आधी सेंट फ्रान्सिस झेवियर बॅसिलिकाचे दोन मनोरे दिसायला लागतात. चार-साडेचार हजार वस्तीचं गाव आणि नोव्हेंबरच्या पहिल्या वीकेंडला इथे नॅशनल फार्म टॉय शो भरतो, शाळेच्या जिममध्ये टेबलं, म्युझियममध्ये टेबलं, लोक टोप्या घालून पिशव्या घेऊन एकीकडून दुसरीकडे. कलेक्टर कमी आणि शेतकरी जास्त. आजोबा, मुलगा आणि नातू एका टेबलापुढे उभे राहून आपल्या घरचा ट्रॅक्टर शोधतायत हे दर दहा पावलांवर.

आणि हे सगळं इथे का, तर अर्टल या खेळण्यांच्या कंपनीमुळे. फ्रेड अर्टल, १९४५, ड्युब्युक, काम सुटलेलं, ढलाईची माहिती होती, घराच्या तळघरात घरच्या भट्टीवर युद्धातल्या विमानांचे जुने अॅल्युमिनियमचे पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यात खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. १९५९ मध्ये कारखाना डायर्सव्हिलला आला. आता नाव टोमी या जपानी कंपनीकडे आहे आणि उत्पादन चीनमध्ये, पण स्पेककास्ट ही दुसरी खेळण्यांची कंपनी अजून याच गावची. १९८६ पासून नॅशनल फार्म टॉय म्युझियम आहे. तिथे काचेमागचे ते सुरुवातीचे वाळूत ओतलेले ट्रॅक्टर बघा एकदा, पृष्ठभाग वाळूच्या कणांनी थोडा खरखरीत, ड्रायव्हर ट्रॅक्टरसोबतच ओतलेला, आणि तरी ओळखायला एक सेकंद लागत नाही की कुठला ट्रॅक्टर आहे. बॉनेटची रेघ आणि मागच्या चाकाची जागा बरोबर असली की बाकी माणूस डोळ्यांनी भरून घेतो. माझ्या सी-१० च्या चाकाचा जो हट्ट आहे तो हाच.

मला पाहिजे होती ग्रॅव्हिटी वॅगन, म्हणजे उताराच्या तळाची धान्याची ट्रॉली, जुनी, प्लास्टिकची चाकं चालतील. टेबलाखालच्या जंक बॉक्समध्ये हात घालून बसलो. तुटलेले लोडर, एकच चाक असलेले ट्रॅक्टर, कॅबची छपरं, लहान मुलांनी वाळूत खेळून झिजवलेले पीस. दोन वॅगन मिळाल्या, एकीचा हिच, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा दांडा, तुटका, आणि ४०२० साठी लोडर. नवीन सीलबंद पीस घेणाऱ्यांची गर्दी पलीकडे, मला या खोक्यात जास्त सापडतं.

टेबल ज्यांचं होतं ते ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, निवृत्त शेतकरी, डेलावेअर काउंटीतलेच. फोनवर बोर्डचे फोटो दाखवले तर चष्मा बदलून एकेक बघायला लागले. पहिला प्रश्न, शेत किती. म्हटलं क्वार्टर सेक्शन आणि थोडं भाड्याचं. मग म्हणाले ४४४० ला मागे ड्युअल, म्हणजे जोडीची जादा चाकं, कशाला लावलेत, वॅगन ओढायच्या दिवसांत ड्युअल काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवायचो आम्ही, रस्त्यावर अडचण होते. हे मला कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळालं नसतं. एमच्या फोटोवर थांबले, म्हणाले सायलेन्सरवर डबा कुठंय? उभा पाइप असतो, पाऊस आत जाऊ नये म्हणून काम नसेल तेव्हा सूपचा रिकामा डबा उलटा घालायचा.

मग मी १०६६ चं दुखणं सांगितलं, की शेजारच्या कप्प्यात आहे आणि घेता येत नाही. ते म्हणाले, शेजाऱ्याचा असेल ना तो. सुगीत कम्बाइन थांबू नये म्हणून शेजारी आपला ट्रॅक्टर आणि वॅगन घेऊन यायचे, नंतर आम्ही त्यांच्याकडे जायचो. सावड! आमच्याकडे अजून चालते की. म्हणजे १०६६ ला काम आहे, पण तो या घरचा नाही, त्यामुळे त्याची जागा यार्डात आत नाही तर गेटजवळ, शेतातून आलेल्या वॅगनसकट, तोंड ऑगरकडे. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांचा हातच धरला.

९ नोव्हेंबर

वॅगनचा हिच पितळेच्या तारेने केला. आता धान्य. ३०० बुशेलची वॅगन भरली की मका साडेसात टन, १/६४ मध्ये ते जेमतेम ४० मिलिलिटर होतं, तीन टेबलस्पूनच्या आत. मक्याचा दाणा या मापात ०.१५ मिमीच्या आसपास, म्हणजे दाणा असा दिसताच कामा नये, नुसता पृष्ठभाग दिसला पाहिजे. रवा, बेसन असलं काही घालायचं नाही, वर्षभरात किडे होतात. सर्वात बारीक वाळू, पिवळ्या आणि थोड्या केशरी अॅक्रिलिकमध्ये रंगवून वाळवून पुन्हा चाळलेली. खाली फोमचा ठोकळा, वर पातळ थर. ऑगरमधून पडतं तिथे ढीग शंकूसारखा, बाकी भाग कम्बाइनने ओतलेला म्हणून मधे उंच आणि कडेला उतरता.

गावी आबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणाले, "आरं पर ही ट्रॉली पलटी कशी हुती? हायड्रॉलिक कुठं दिसंना."

म्हटलं, "पलटी करायची नाही आबा, तळ उताराचा आहे, बाजूचं फाटक चाक फिरवून उघडायचं, दाणा आपोआप घसरतो."

"मंग उसाला न्हाई चालायची."

"उसाला नाही, दाण्यालाच."

मग ते बराच वेळ एमकडे बघत राहिले, फोन जवळ न्यायला सांगितला, आणि म्हणाले ह्याचं तोंड आपल्या बी-२७५ च्या मोठ्या भावावानी हाय. एमचा सायलेन्सरवरचा डबा त्यांनी ओळखला, आमच्याकडे पण घालायचो म्हणाले, डालड्याचा.

२३ नोव्हेंबर

गाड्यांना धूळ. हा आठवडा सगळा यातच गेला आणि मला यातच सगळ्यात जास्त समाधान मिळालं.

नवी फोर्ड: नवी आहे म्हणजे स्वच्छ आहे असं नाही, ग्रॅव्हल रोडवरची गाडी धुतल्यावर एका दिवसात भरते. पण धूळ सगळीकडे सारखी नसते. पुढे कमी, दाराच्या खालच्या भागात आणि चाकांच्या मागे जास्त, आणि सगळ्यात जास्त टेलगेटवर, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि रस्त्याची धूळ त्यात ओढली जाऊन मागच्या बाजूला बसते. म्हणून आधी मॅट क्लिअरचा हलका हात, तो ओलसर असतानाच टेलगेटवर चुनखडीची भुकटी ब्रशने ठोकून, मग हँडलपाशी बोटं लागून धूळ पुसलेली असते तेवढं ओल्या टूथपिकने पुसलं. टेलगेट रोज उघडतात, ती खूण पाहिजेच. पुढच्या काचेवर वायपरचे दोन कमानी स्वच्छ पट्टे, त्यासाठी टेपचे तुकडे कापून आधी चिकटवले आणि धूळ बसल्यावर काढले.

जुनी शेव्हरले: हिला गंज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गंज खालून येतो, मागच्या चाकाच्या कमानीवर, कॅबच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना, दाराखालच्या पट्टीला. छपरावर गंज दाखवायचा नाही, दहा-बारा वर्षांत छप्पर गंजत नाही, रंग उन्हाने फिका होतो फक्त. गडद तपकिरी स्पंजने टिपून, त्यात केशरी अगदी थोडा, आणि कडेला रंग फुगून आलाय असं दाखवायला प्रायमरचा एक बारीक ठिपका. हौद्यात डिझेलची १०० गॅलनची टाकी, हँडलने फिरवायच्या पंपासह, शेतात कम्बाइनला तेल न्यायला. हीच या गाडीची नोकरी. शिवाय साखळी, पाच गॅलनची एक बादली, व्यास ५ मिमीच्या आत, प्लास्टिकच्या नळीचा तुकडा आणि तारेची कडी. छपरावर सीबी रेडिओचा अँटेना, टूथब्रशचा एक केस. मागच्या काचेच्या आत बंदुकीचा रॅक, तो काचेतून जेमतेम दिसतो पण आहे.

७ डिसेंबर

इमारती पटापट झाल्या. चार इंच व्यासाचा टोमॅटोचा मोठा डबा म्हणजे १/६४ मध्ये २१ फुटी बिन, खऱ्यातही हे माप चालतंच, वर पुठ्ठ्याचं शंकूचं छप्पर आणि अॅल्युमिनियम टेपचा कोट. सायलो, म्हणजे चारा साठवायची उंच गोल टाकी, काँक्रीटचा, पीव्हीसी पाइपवर तारेच्या कड्या. निळा हार्वेस्टोर सायलो या भागात खूप दिसतो आणि देखणा असतो, पण तो महागडा होता आणि आपल्या माणसाने त्याच वर्षी ४४४० घेतलाय, तेव्हा दोन्ही एकदम नाही. मक्याची कणसं साठवायचं जुनं लाकडी क्रिब मात्र ठेवलं, जनावरांसाठी थोडा मका अजून कणसासकट.

२१ डिसेंबर

आज मांडणी फायनल केली, खुणा करून खालून स्क्रू. एम ऑगरला, सायलेन्सरवर डबा नाही कारण तो चालू आहे, डबा शेजारी फेंडरवर ठेवलाय. ४४४० रिकामी वॅगन घेऊन शेताकडे निघालेला, त्याचे ड्युअल शेडच्या भिंतीला टेकवलेले. ४०२० लोडर खाली करून क्रिबपाशी. १०६६ गेटच्या आत नुकताच आलेला, भरलेल्या वॅगनसह. नवी फोर्ड घराच्या बाजूला, शेव्हरले डिझेल टाकीच्या स्टँडखाली, हौद्यातली टाकी भरून घेते आहे. सहा फूट लांबून बघितलं तर कुठली वस्तू कशासाठी आहे हे न सांगता कळतं, मुलीला विचारलं तर तिने बरोबर सांगितलं, फक्त सायलोला ती विहीर म्हणाली.

राहिलेलं: विजेचा खांब आणि मीटर, टपालपेटी, कुत्रा, आणि ऑगरच्या तोंडापाशी सांडलेल्या मक्यावर दोन-तीन चिमण्या, त्या १/६४ मध्ये दोन मिमीच्या होतील. टपालपेटी आधी, कारण ती रस्त्याच्या कडेला ४१ ते ४५ इंचांवर लागते म्हणजे १६ ते १८ मिमी, तेवढा खांब काडीपेटीतल्या काडीचा होतो.